टाकी भरते पण नळ कोरडा: गावची जुनी पाइपलाइन बदलायची म्हणजे नक्की काय करायचं

आमच्या गावात दर उन्हाळ्यात ग्रामसभेला एकच विषय असायचा, नवीन बोअर कुठं घ्यायचा. कोणी म्हणायचं ओढ्याकडेला घ्या, कोणी म्हणायचं आधी पाणाड्याला बोलवा, आणि शेवटी विहीर खोल करायचा ठराव व्हायचा. हे सगळं चालू असताना टाकी मात्र रोज सकाळी भरलेली असायची. वरच्या आळीला पाणी, चावडीपाशी पाणी, आणि खालच्या वस्तीतल्या शेवटच्या आठ-दहा घरांत नळ सोडला की नुसती हवा फुसफुसायची, बायका हंडे घेऊन वर यायच्या. मी तेव्हा पाणी समितीत नवीन होतो आणि मलाही वाटायचं की पाणीच कमी पडतंय. पाणी कमी नव्हतं, पाइप म्हातारा झाला होता. हे कळायला आम्हाला दोन उन्हाळे लागले, तुमच्या गावाला लागू नयेत म्हणून जेवढं शिकलो तेवढं सगळं इथं लिहितोय.

आधी गावची योजना कशी असते ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. पाणी जिथून उचलतो ती विहीर किंवा बोअर, त्याला कागदोपत्री उद्भव म्हणतात. तिथून मोटर पाणी वर ढकलते, ती लाइन म्हणजे उर्ध्ववाहिनी, आपण गावात तिला मेन लाइन म्हणतो. ती जाते उंच टाकीला. टाकीतून पाणी उताराने खाली येतं आणि गल्लोगल्ली फिरतं, ती वितरणाची लाइन, आणि तिच्यावर फेरूल, म्हणजे लाइनला भोक पाडून बसवायचा पितळी जोड, बसवून घराघरात अर्ध्या इंचाचं कनेक्शन. मोटर आणि टाकी डोळ्यासमोर असतात म्हणून त्यांच्यावर खर्च होतो, रंगरंगोटी होते, उद्घाटन होतं. मधले दोन-तीन किलोमीटर पाइप जमिनीत असतात, फुटल्याशिवाय त्यांची आठवण कोणाला येत नाही.

मारुतीच्या देवळासमोर लाइन फुटली तेव्हा चर खोदून जुना चार इंची बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा पाइप कापला आणि त्याचा वीतभर तुकडा मी हातात घेऊन बघितला. बाहेरून धडधाकट, वजनदार. आत बघितलं तर सगळीकडून गंजाच्या गाठी आलेल्या, वारुळासारख्या, तपकिरी-काळ्या, मध्ये मध्ये पिवळट चिखल, बोटानं दाबलं की भुगा होऊन खाली. मधून जेमतेम दोन इंचाची वाट उरली होती. आमचे पाणी सोडणारे तात्या शेजारी उभे होते, ते म्हणाले, "मी तीस वर्षं व्हॉल्व फिरवतोय, पण पाणी असल्या भोकातनं जात होतं ते आज बघितलं."

आता इथंच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. चार इंचाची वाट तीन इंच झाली तर लोकांना वाटतं पाव हिस्सा पाणी कमी झालं असेल. तसं होत नाही. दाब तेवढाच धरला तर पाइपातून जाणारं पाणी व्यासाच्या अडीचपेक्षा थोड्या जास्त घाताने बदलतं, गणित सोडा, उत्तर बघा: चार इंचाची वाट तीन इंच झाली की पाणी निम्म्याच्याही खाली येतं, आणि दोन इंच झाली की जेमतेम सहावा हिस्सा उरतो. आणि हे आतून गुळगुळीत धरून, गंजाच्या गाठींना घासत जाताना जो दाब मरतो तो वेगळाच. म्हणून टाकी भरलेली असूनही शेवटच्या घराला धार येत नाही, दाब वाटेतच संपतो. अशा लाइनवर तुम्ही विहीर पन्नास फूट खोल करा नाहीतर दुसरी टाकी बांधा, खालच्या वस्तीला काहीच फरक पडत नाही.

बाकीचे पाइप कसे म्हातारे होतात तेही बघून घ्या. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप बिडासारखाच गंजतो, आतून आणि बाहेरून, आणि चुन्याचं जड पाणी असलेल्या बोअरवर त्यात क्षारांचा पांढरा थर बसतो, चहाच्या भांड्याला बसतो तसाच. जुन्या योजनांत सिमेंटचे पाइप खूप टाकलेत, ज्याला सगळे एसी पाइप म्हणतात, म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंट. तो गंजत नाही पण वर्षं जातील तसा ठिसूळ होतो, वरून ऊसाची ट्रॉली गेली की तडकतो. पीव्हीसी गंजत नाही आणि ठिसूळही लगेच होत नाही, पण तो उन्हात पडून राहिला असेल, वीतभर खोलीवर टाकला असेल, जॉइंटला सोल्युशन नीट लागलेलं नसेल, तर पाच-सात वर्षांत त्रास द्यायला लागतो. आणि आपल्या भागातली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि दरवर्षी ती आतल्या पाइपाला वर-खाली ओढत असते. त्यामुळे मे महिन्यात आणि पहिल्या पावसानंतर लाइन जास्त फुटते, त्यात कोणाचा हात नसतो, मातीच तसली आहे.

अजून एक कारण लाइट. मोटर चालू असते, पाणी वर चढत असतं आणि लाइट जाते. मोटर बंद, पण पाइपातलं पाणी काही लगेच थांबत नाही, ते क्षणभर पुढं जातं मग उलटं मागं येतं आणि बंद व्हॉल्ववर थाडकन आदळतं. लोखंडी पाइपात सेकंदाला १ मीटर वेगानं जाणारं पाणी एकदम अडलं तर क्षणभर साधारण १०० मीटर उंचीच्या पाण्याएवढा जादा दाब येतो. प्लास्टिकच्या पाइपाला थोडी लवचीकता असते म्हणून तिथं कमी. पण दिवसातनं चार वेळा लाइट जाणार असेल तर चार वेळा हा हातोडा बसतो आणि वर्षानुवर्षं बसतो. म्हणून मोटरपाशी चांगला एनआरव्ही, म्हणजे पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व, आणि लाइनच्या उंचवट्यावर हवा आत-बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व लागतो, आणि बऱ्याच गावांत एअर व्हॉल्व एकतर गंजून चिकटलेला असतो किंवा कोणीतरी काढून तिथं नळ बसवलेला असतो. हे दोन्ही आमच्याकडे होतं.

आता गळतीचं. लोकांना डबकं दिसलं तरच गळती वाटते. हरभऱ्याच्या दाण्याएवढं, म्हणजे ५ मिलिमीटरचं एक भोक घ्या, लाइनमध्ये २० मीटरचा दाब धरा. त्यातून मिनिटाला साधारण १४ लिटर पाणी जातं. तासाला ८४० लिटर. जलजीवन मिशनमध्ये, म्हणजे घरोघरी नळ द्यायच्या सरकारी योजनेत, माणशी रोज ५५ लिटर धरलेत, म्हणजे हे एक भोक तासाभरात पंधरा माणसांचं दिवसाचं पाणी पितं. लाइनमध्ये रोज सहा तास दाब असेल तर ५,००० लिटर, नव्वद माणसांचं. आणि मुरमाड जमिनीत हे पाणी वर येतच नाही, खालच्या खाली जातं, बांधाकडेचं गवत उन्हाळ्यातही हिरवं दिसतं एवढीच काय ती खूण.

यात विजेचा खर्च पण धरा. २,५०० वस्तीचं गाव, ५५ लिटरने दिवसाला १,३७,५०० लिटर पाणी. विहिरीपासून टाकीपर्यंत मिळून ६० मीटर उचलायचं असेल आणि जुन्या मोटरची गत बघता निम्मीच वीज कामी येते धरलं तर रोज साधारण ४५ युनिट लागतात. पण तिसरा हिस्सा पाणी गळत असेल तर घरात तेवढंच पोचवायला २ लाख लिटरच्या वर उचलावं लागतं, म्हणजे ६७ युनिट. रोज २२ युनिट जास्त, महिन्याला साडेसहाशेच्या वर. ग्रामपंचायतीचं पाणीपुरवठ्याचं लाइटबिल थकलं की कनेक्शन तोडायची नोटीस येते हे सगळ्यांना माहितीय, त्या थकबाकीतला एक हिस्सा जमिनीत मुरलेला असतो हे मात्र कोणी बोलत नाही.

पण मला सगळ्यात जास्त काळजी गळतीच्या उलट्या बाजूची वाटते. पाइपाला भोक असेल तर पाणी बाहेर जातं हे खरं, पण ते पाणी चालू असताना. आपल्याकडे पाणी दिवसातून तासभर, कुठं दिवसाआड, कुठं चार दिवसांनी. व्हॉल्व बंद केला की लाइनमध्ये उरलेलं पाणी खालच्या घरांकडे उतरतं आणि वरच्या भागात पाइप रिकामा होतो, आत ओढ तयार होते. स्ट्रॉनं रस ओढतो तसंच. त्या वेळी त्याच भोकाशेजारून गटार जात असेल तर गटाराचं पाणी आत जातं. त्यात कोणी नळाला थेट मोटर लावली असेल तर ती ओढ अजून वाढते, शेजाऱ्याचं पाणी तर जातंच पण गटाराचं पाणी सगळ्या आळीच्या वाट्याला येतं. मग दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की पहिल्या धारेला गढूळ पाणी, वास, आणि आठवड्यात जुलाब-उलट्या. कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो हे सगळे याच वाटेने येतात. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची केवढी मोठी साथ आली होती ते आमच्या भागातल्या माणसांना अजून आठवतं, घराघरात माणसं पिवळी पडली होती.

टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, टाकतोच की आम्ही, असं म्हणतात लोक. टाकायलाच पाहिजे, पण टाकीत टाकलेलं क्लोरिन शेवटच्या नळाला उरतंय का ते बघायचं असतं. तिथं लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम पाहिजे. ओटी टेस्टची, म्हणजे क्लोरिन तपासायची छोटी बाटली जलसुरक्षकाकडे, म्हणजे गावचं पाणी शुद्ध आहे का ते बघणाऱ्या माणसाकडे असते, नळाच्या पाण्यात थेंब टाकले की पिवळसर रंग आला पाहिजे. टाकीपाशी पिवळं आणि शेवटच्या घरात पांढरं, तर मधे कुठंतरी घाण आत येतीय आणि ती सगळं क्लोरिन खाऊन टाकतीय, एवढं ओळखायचं. ही टेस्ट टाकीखाली उभं राहून करू नका, शेवटच्या घरात जाऊन करा. आरोग्य खातं पावसाळ्याच्या आधी आणि नंतर सर्वेक्षण करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतं, त्यात गळक्या लाइनी आणि गटारातले व्हॉल्व पण बघतात. लाल कार्ड आलं की सरपंचांना राग येतो. राग न धरता तो कागद वाचा, कुठली लाइन आधी बदलायची ते त्यातच निम्मं कळतं.

बरं, मग बदलायचं ठरलं. सगळ्यात पहिलं काम खोदायचं नाही, मोजायचं आहे. आमच्याकडं ५०,००० लिटरची गोल टाकी आहे, आतून व्यास ५ मीटर. अशा टाकीत पाणी १ सेंटिमीटर उतरलं म्हणजे जवळपास २०० लिटर गेलं. रात्री अकराला टाकी भरून मोटर बंद केली, टाकीचा खालचा व्हॉल्व बंद, एक तास थांबलो, काठी टाकून उंची बघितली. जशीच्या तशी, म्हणजे टाकी गळत नव्हती. मग खालचा व्हॉल्व उघडला पण गावातले आळीचे सगळे व्हॉल्व बंद ठेवले, परत तास. मग एकेका आळीचा व्हॉल्व उघडत गेलो, लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं की आज रात्री नळ बंद ठेवा. ज्या आळीचा व्हॉल्व उघडल्यावर पाणी भराभर उतरलं ती आळी सापडली. पहाटे चारपर्यंत चाललं होतं, पण खर्च शून्य. त्या आळीत तात्यांनी पहार घेतली, तिचं टोक पाइपावर टेकवलं आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. रात्री सगळं शांत असतं तेव्हा गळणारं पाणी पहारेतून सूं-सूं ऐकू येतं. मी पण ऐकलं. दहा पावलं पुढं गेलं की आवाज बारीक होतो, परत मागं आलं की वाढतो, तिथंच खोदायचं. शहरात यासाठी मशिन असतात, तत्त्व तेच.

याच्या जोडीला एक वही ठेवा, लाइन कुठं फुटली, कधी, पाइप कसला होता, किती खोल होता. वर्षभरात समजतं की गावातल्या सगळ्या फुटाफुटीतल्या बहुतेक एक-दोन तुकड्यांवरच होतात. पैसे सगळी लाइन बदलायला कधीच पुरत नाहीत, त्यामुळे हे दोन तुकडे आधी. माझं मत विचाराल तर गटाराला लागून किंवा गटारातूनच गेलेली लाइन फुटत नसली तरी पहिल्या नंबरला घ्या, कारण तिथं प्रश्न पाण्याचा नाही, लेकरांच्या पोटाचा आहे.

पाइप केवढा घ्यायचा यावर गावात जोरात वाद होतात. चार इंची होता, परत चारच टाका, असं म्हणून चालत नाही. नवीन पाइप ३० वर्षांपुढची वस्ती धरून ठरवतात. पण वस्तीइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे पाणी किती तास सोडणार. तेच १,३७,५०० लिटर चोवीस तासांत वाटायचं असेल तर सेकंदाला दीड-पावणेदोन लिटर बास झालं, सकाळच्या गर्दीला त्याच्या तिप्पट धरा. तेच पाणी सगळ्या गावाला एकदम दोन तासांत द्यायचं ठरवलं तर सेकंदाला १९ लिटर, चार इंची पाइपात एवढं कोंबलं तर वेग सेकंदाला २ मीटरच्या वर जातो आणि सगळा दाब घर्षणातच मरतो. टाकीखालची पहिली लाइन मग सहा इंची लागते. म्हणजे आपण पाणी थोडा वेळ सोडतो म्हणून पाइप मोठे लागतात, थोडा वेळ सोडतो म्हणून लोक मोटरी लावतात, थोडा वेळ सोडतो म्हणूनच लाइन रिकामी होऊन गटार आत येतं. कराडला लागून कोयनेकाठी मलकापूर आहे, तिथं चोवीस तास पाणी, प्रत्येक नळाला मीटर आणि जास्त वापराला चढा दर, असं करून दाखवलंय. आपल्यापासून लांब नाही, समितीनं एकदा गाडी करून जाऊन बघून यावं असं माझं मनापासून सांगणं आहे.

कुठला पाइप चांगला असं सरसकट उत्तर नसतं. मोटरपासून टाकीपर्यंत दाब जास्त असतो, रस्त्याखालून जातो, तिथं परवडत असेल तर डीआय, म्हणजे सुधारित बीड, आतून सिमेंटचं अस्तर असतं म्हणून गाठी येत नाहीत. काळा एचडीपीई, म्हणजे लवचीक प्लास्टिकचा पाइप, ज्याच्यावर निळ्या पट्ट्या असतात, तो काळ्या मातीत उत्तम, माती हलली तरी वाकतो पण तुटत नाही. पण त्याचे जॉइंट मशिननं वितळवून करावे लागतात आणि ते करणारा माणूस जाणता पाहिजे, चिखल लागलेला जॉइंट वितळवला तर तो वर्षभरात सुटतो. पीव्हीसी स्वस्त आणि गावातला कुठलाही प्लंबर जोडू शकतो, पण ४ केजीचा (दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो दाब सोसणारा) टाकायचा की ६ केजीचा ते दाब बघून ठरवा, दुकानात काय शिल्लक आहे त्यावर नाही. ओढा ओलांडताना किंवा खडकावरून उघडी लाइन न्यायची तर प्लास्टिक नको, उन्हानं आणि वणव्यानं जातं, तिथं लोखंडी.

आणि आता ज्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसलो ते. पाइप कितीही भारी आणा, तो टिकणार की नाही हे चर उघडा असतानाच ठरतं. जेसीबीवाला फुटावर पैसे घेतो, त्याला पुढं जायची घाई, ठेकेदाराला बिलाची घाई आणि गावाला रस्ता मोकळा व्हायची घाई. समितीतल्या कोणीतरी दोघांनी त्या दिवसांत कामधंदा बाजूला ठेवून चरापाशी उभं राहायला पाहिजे. आमच्याकडं हे काम दोन ताईंनी केलं, टेप घेऊन. पाइपाच्या डोक्यावर किमान तीन फूट माती पाहिजे, गाड्या जातात तिथं अजून जास्त. चराच्या तळाला दगड निघालेले असतील तर त्यावर पाइप ठेवायचा नाही, चार बोटं वाळू किंवा बारीक मुरूम अंथरून मग पाइप, आणि वरूनही पहिला फूटभर बारीक मातीच, धोंडे नाहीत. पीव्हीसी पाइप एका टोकदार दगडावर टेकला असेल तर तो दगड दोन-तीन वर्षांत आत घुसतो, आम्ही काढलेल्या चार फुटक्या पाइपांत दोन असेच होते, फुटलेल्या जागेखाली दगड तसाच.

वळणावर काँक्रीटचा ठोकळा लागतो, तो ड्रॉइंगमध्ये असतो आणि बऱ्याचदा जमिनीत नसतो. सहा इंची लाइन, ६ किलोचा दाब आणि काटकोनातलं वळण असेल तर पाणी त्या बेंडला साधारण दीड टन जोरानं बाहेर ढकलतं. दीड टन म्हणजे पन्नास किलोची तीस पोती. ठोकळा नसेल तर बेंड हळूहळू सरकतो आणि जॉइंट उघडतो, आणि मग दर सहा महिन्यांनी त्याच कोपऱ्यावर खड्डा.

मग टेस्टिंग. जॉइंट उघडे ठेवून, मधला पाइप थोडा मातीनं दाबून, लाइन पाण्यानं भरायची, हवा पूर्ण काढायची आणि हातपंपानं रोजच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा. गेजचा काटा ठरलेला वेळ उभा राहिला पाहिजे. काटा पडायला लागला तर जॉइंट-जॉइंट फिरून बघा कुठं पाझरतंय. चर बुजवल्यावर टेस्टिंग करू असं कोणी म्हणालं तर सही करू नका, बुजवलेल्या चरात पाझर दिसत नाही. आमच्या लाइनवर पहिल्या टेस्टला तीन जॉइंट गळले होते. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, पाणी सुरू झालं की आपोआप बसतील. ताई म्हणाल्या, "आधी बसवा मग बुजवा." दीड दिवस गेला, बसवले. पाणी सोडायच्या आधी लाइन धुऊन घ्यायची आणि क्लोरिनच्या कडक पाण्यानं भरून रात्रभर ठेवायची, मग ते सोडून द्यायचं, कारण नवीन पाइपात माती, पानं, कधी मेलेली पाल पण असते.

जुना एसी पाइप कापायची वेळ आली तर ग्राइंडरनं कोरडा कापू नका. त्यातला ॲस्बेस्टॉसचा धुरळा श्वासात गेला की वर्षानुवर्षांनी फुप्फुसाचे गंभीर आजार होतात. त्यातून आलेलं पाणी प्यायल्यानं तसंच होतं असा ठोस पुरावा नाही, धोका धुरळ्याचा आहे. पाणी मारत, हातकरवतीनं, तोंडाला चांगला मास्क बांधून कापायचा आणि तुकडे पोरांच्या हाताला लागतील असे टाकायचे नाहीत. शक्यतो जुना पाइप उकरूच नये, शेजारून नवीन लाइन टाकून जुनी जमिनीतच बंद करावी.

जुनी बंद करावी हे वाक्य सोपं आहे आणि निम्मी गावं इथंच फसतात. नवीन लाइन सुरू होते, बरीच कनेक्शनं तिच्यावर येतात, पण काही घरं जुन्यावरच राहतात, कोणाचं अंगण फरशीचं आहे, कोणी गावाला गेलंय. मग जुनी लाइन त्या पाच घरांसाठी चालू ठेवतात आणि गळती होती तशीच राहते, पाणी आता दोन लाइनींत वाटलं जातं आणि नवीन लाइन टाकूनही फरक का पडला नाही म्हणून सगळे चक्रावतात. शेवटचं घर हलेपर्यंत काम पूर्ण झाल्याचा दाखला द्यायचा नाही, आणि हललं की जुन्या लाइनला टाकीपाशीच कापून टोपण मारायचं. फक्त व्हॉल्व बंद करून नाही, व्हॉल्व परत उघडला जातो.

पैशाचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झालं, त्यात नवीन योजनांइतकीच जुन्या योजनांची दुरुस्ती आणि वाढही बसते, महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य निम्मं-निम्मं. मुदत २०२४ ची होती, २०२५ च्या बजेटमध्ये ती २०२८ पर्यंत वाढवायची घोषणा झाली. गावातल्या कामाच्या खर्चात १० टक्के लोकवर्गणी, डोंगराळ भागात किंवा अनुसूचित जाती-जमातीची वस्ती निम्म्याच्या वर असेल तिथं ५ टक्के. शिवाय १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतला ३० टक्के हिस्सा पाण्यासाठीच बांधलेला होता, छोटे तुकडे बदलायला बऱ्याच ग्रामपंचायतींनी तो वापरला. मी फिरलेल्या काही गावांत मात्र असं बघितलं की नवीन स्टीलचे नळ, नवीन स्टँड, फोटो, आणि ते सगळं जोडलंय जुन्याच गंजक्या लाइनला. तुमच्या गावच्या अंदाजपत्रकात वितरण वाहिनीचे किती मीटर धरलेत ते वाचा, नळांची संख्या नंतर वाचा. अंदाजपत्रक मागायचा तुम्हाला हक्क आहे.

पाणीपट्टीबद्दल लोक माझ्यावर चिडतात पण सांगतोच, लाइन नवीन झाली म्हणजे खर्च संपला असं नाही. व्हॉल्वचे पॅकिंग, एअर व्हॉल्व, टीसीएल, लाइटबिल, तात्यांचा पगार हे सगळं गावच्याच पट्टीतून जातं. आमच्याकडं वसुली वाढली ती दवंडी देऊन नाही, खालच्या वस्तीतल्या नळाला पाणी यायला लागल्यावर वाढली, ज्यांनी वर्षानुवर्षं भरली नव्हती ते स्वतः पंचायतीत आले.

एक शेवटची गोष्ट, चर बुजवायच्या आधी करायची. जुनी लाइन कुठून गेलीय हे आमच्या गावात फक्त तात्यांना माहिती होतं, आणि ते आता थकलेत. म्हणून नवीन लाइनच्या प्रत्येक जॉइंटचं, बेंडचं आणि व्हॉल्वचं अंतर दोन पक्क्या खुणांपासून टेपनं मोजून घेतलं, देवळाचा कोपरा, शाळेची पायरी, चावडीचा खांब असं, उघड्या चराचे फोनवर फोटो काढले आणि सगळं एका मोठ्या कागदावर उतरवलं. तो कागद लॅमिनेट करून पंचायतीच्या भिंतीवर लावलाय आणि एक प्रत शाळेत ठेवलीय. सहावीतल्या पोरांना घेऊन तात्यांनी एका शनिवारी सगळे व्हॉल्व दाखवले, कुठला कुठल्या आळीचा, किती आटे फिरवायचे. एका मुलीनं विचारलं, हा उलटा फिरवला तर? तात्यांनी तिलाच फिरवायला लावला.